सगळ्या नटांना पुरून उरलेला पाना

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात लोखंडी हत्यारांचे ढीग मांडलेले असतात. मूठ गेलेल्या पटाश्या, दात पडलेल्या करवती, गंजून तांबूस झालेल्या कानशी आणि पान्यांची तर रास. त्या राशीतले बरेचसे पाने आज कुणाच्याच कामाचे नाहीत. एखाद्याच्या दांड्यावर इंचाचा अपूर्णांक कोरलेला असतो. तो ज्या नटासाठी घडवला, तो नट ज्या यंत्रावर होता, ते यंत्र भट्टीत जाऊन त्याच्या सळया होऊनही जमाना लोटलेला असतो. जोडीदार गेला आणि पाना वजनाच्या भावाने विकायला उरला.

त्याच राशीत हात घातला की कधीतरी एखादा स्क्रू पाना वर येतो. एक जबडा दांड्याशी एकजीव, दुसरा मागेपुढे सरकणारा, आणि त्याच्या बुडाशी अंगठ्याने फिरवायची खाचाखाचांची चक्री. समजा, तो शंभर वर्षांपूर्वीचा आहे. त्याला थोडं रॉकेल पाजा, चक्री मोकळी करा आणि घरच्या पाण्याच्या पंपाच्या नटावर लावून बघा. बसतो! तो घडला तेव्हा घरोघरी पंप नव्हते, गच्चीवर प्लॅस्टिकची टाकी नव्हती, आपल्याकडे मिलिमीटरमध्ये नट कुणी मोजत नव्हतं. तरी बसतो. जुन्या वस्तूंचं कौतुक आपण एरवी काचेच्या कपाटात ठेवून करतो. या वस्तूला कपाटाची गरजच नाही, ती अजून नोकरीत आहे.

हे कसं जमलं, याचं उत्तर पान्याआधी नटाला विचारावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नट-बोल्ट ही आजच्यासारखी दुकानात मापाने मागायची वस्तू नव्हती. प्रत्येक कारखाना आपापल्या मनाने आटे पाडायचा. जेम्स नॅस्मिथ या इंजिनिअरने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की, पूर्वी प्रत्येक बोल्ट आणि त्याचा नट एकमेकांचे म्हणून खूण करून ठेवावे लागत. यंत्र खोलताना ही खूण चुकली, नटांची अदलाबदल झाली, तर पुढचे कित्येक तास कोणता नट कुणाचा हे जुळवण्यात जायचे. लंडनमधल्या हेन्री मॉड्स्लेच्या कारखान्यात या गोंधळाला शिस्त लावायला सुरुवात झाली. त्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने पुढे इंग्लंडभरच्या कारखान्यांतून बोल्टचे नमुने गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१मध्ये आट्यांचं एक प्रमाण सुचवलं. आट्याचा कोन ५५ अंश.

झालं, एकमत झालं, असं वाटेपर्यंत अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४मध्ये वेगळं प्रमाण मांडलं. त्याचा कोन ६० अंश. युरोपातल्या देशांनी १८९८मध्ये झुरिचला जमून मिलिमीटरमधले आटे ठरवले. म्हणजे शिस्त आली, पण तीन तऱ्हांची आली.

ब्रिटिश व्यवस्थेतली एक गंमत तर आजही भल्याभल्या फिटरना चकवते. व्हिटवर्थच्या पान्यावर कोरलेला आकडा हा पान्याच्या तोंडाचा नसतो. तो बोल्टच्या जाडीचा असतो. अर्धा इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड मोजलं तर ते सुमारे ०.९२ इंच भरतं. त्यात दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी इंग्रजांनी बोल्टचं डोकं आणि नट एका मापाने बारीक केले. म्हणून जुन्या ब्रिटिश पान्यांच्या एकाच तोंडावर दोन-दोन आकडे सापडतात, आणि दोन्ही खरे असतात.

हा सगळा माल रेल्वेबरोबर, गिरण्यांबरोबर, ऑइल इंजिनांबरोबर आपल्याकडे आला. १९५६मध्ये मेट्रिक मापांचा कायदा झाला, तरी हार्डवेअरच्या दुकानात आजही बोल्ट ‘तीन सूत’ आणि ‘चार सूत’ असेच मागितले जातात. आठ सूत म्हणजे एक इंच. त्याच वेळी शेजारच्या गॅरेजमधला पोऱ्या ‘दहा-अकरा दे, बारा-तेरा दे’ म्हणत मिलिमीटरचे पाने मागत असतो. एकाच गल्लीत दोन शतकं नांदतात आणि कुणाचं काही बिघडत नाही.

आता या पसाऱ्यात स्वीडनमधला एक माणूस आणू. यूहान पेटर यूहानसन. जन्म डिसेंबर १८५३चा. म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली त्याच वर्षीचा. घरची गरिबी. पोरवयातच कामाला लागला, कारखान्यांत राबून हात तयार केला आणि १८८६मध्ये एनशोपिंग या लहानशा गावात स्वतःचं वर्कशॉप काढलं. आसपासच्या शेतकऱ्यांची आणि कारखान्यांची यंत्रं दुरुस्त करायची, हा धंदा. बोलावणं आलं की निघायचं. पण नटांची मापं गावोगावी निराळी, तेव्हा पान्यांचं अख्खं ओझं बरोबर न्यायला लागायचं. एवढं करून जो पाना नेमका हवा तो त्यात नसणार, हे तर ठरलेलंच.

१८८८मध्ये त्याने पाईप पान्याचं पेटंट घेतलं आणि १८९२मध्ये स्क्रू पान्याचं. सरकता जबडा ही कल्पना मात्र त्याची नव्हे, हे सांगायला हवं. अमेरिकेत लोरिंग कोस याने १८४१मध्येच एक स्क्रूवर चालणारा पाना पेटंट केला होता. इंग्लंडमध्ये रिचर्ड क्लायबर्नने त्याच सुमारास आपला पाना काढला. आधीच्या पान्यांना जबडा सरकवायला दुसरा हात लागायचा. कोसने ते काम पान्याच्याच हाताच्या अंगठ्यावर आणलं. पण त्याच्या पान्याचे जबडे हातोड्यासारखे दांड्याला काटकोनात आणि चांगलेच जाडजूड. मोकळ्या जागेत उत्तम, अडचणीत निरुपयोगी. यूहानसनने डोकं चपटं केलं, जबडे दांड्याच्या पुढच्या टोकाला आणले, आणि साध्या फिक्स पान्यासारखा कुठेही शिरेल असा पाना तयार झाला. आज कोपऱ्यावरच्या दुकानात जो मिळतो, त्याचा चेहरामोहरा तोच आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांत त्यात फरक किती पडला, तर मूठ जरा गुबगुबीत झाली.

त्याच्या नावावर पुढे शंभराहून अधिक पेटंटं जमा झाली. कारखाना १९१६मध्ये दुसऱ्यांच्या हवाली करून तो दिव्यांकडे वळला आणि ओढाल तिथे थांबेल अशा हाताचा टेबललॅम्प काढला. एका मापात अडकून बसलेली वस्तू या गृहस्थाला बघवत नसावी. १९४३मध्ये तो वारला. एनशोपिंगमध्ये त्याच्या नावाचं संग्रहालय आहे.

त्याचे पाने जगभर विकायचं काम १८९०मध्ये बी. ए. यॉर्थ आणि कंपनीने घेतलं. त्या नावातली अक्षरं जुळवून ‘बाहको’ ही खूण तयार झाली. आणि इथे मराठी स्वयंपाकघराचा संबंध येतो. हीच यॉर्थ कंपनी आणखी एक स्वीडिश वस्तू जगभर पाठवत होती: प्रायमस स्टोव्ह. आपल्या आज्यांनी ज्याला पंप मारला, ज्याच्या बर्नरला पिन मारता मारता बोटं काळी केली, ज्याच्या फरफराटाने सकाळी घर जागं व्हायचं, त्या स्टोव्हचा आणि या पान्याचा विक्रेता एकच. प्रायमस ॲमंडसनबरोबर १९११मध्ये दक्षिण ध्रुवावर गेला, १९५३मध्ये एव्हरेस्टवर गेला आणि दरम्यान गिरगावच्या चाळीतही पोहोचला. पानाही मागोमाग आलाच. पुढे १९६९मध्ये टपारिया टूल्सने एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने भारतात हातहत्यारं बनवायला सुरुवात केली. त्यांचा कारखाना नाशिकचा. प्लंबरच्या पिशवीतला स्क्रू पाना नाशिकचा निघाला, तर त्याच्या कुळाच्या ओळखी स्वीडनपर्यंत पोहोचतात.

आता पाना जवळ घेऊन नीट बघू. भाग चारच: दांडा आणि स्थिर जबडा मिळून एक, सरकता जबडा दुसरा, चक्री तिसरा आणि चक्रीच्या पोटातून जाणारी पिन चौथा. जुन्या काही पान्यांत पिनेवर एक बारीक स्प्रिंगही असते, चक्रीची ढिलाई काढायला. पिनेच्या डोक्यावर स्क्रू ड्रायव्हरची खाच असते. पिन काढली की चक्री तळहातावर पडते आणि जबडा खाचेतून अलगद सरकून बाहेर येतो. पुन्हा जोडायला दोन मिनिटं पुरतात. ज्यातलं काहीच लपवलेलं नाही, अशी यंत्रं आता किती उरली आहेत?

चक्री दिसते चाकासारखी, पण असते ती स्क्रूच. तिचे आटे जबड्याच्या बुडावरच्या दात्यांत अडकलेले असतात. चक्रीचा एक फेरा झाला की जबडा बरोबर एक दाता पुढे जातो. इथवर सोपं आहे. खरी नवलाई उलट दिशेला आहे. अंगठ्याने चक्री फिरवली की जबडा हलतो. मग नटाने जबडा मागे रेटला तर चक्री उलटी का फिरत नाही? तिथे तर खटका नाही, कुलूप नाही, आणि तुमचा अंगठाही तोवर बाजूला झालेला असतो.

आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला घाटरस्ता समजा. चढ तीव्र असेल तर त्यावर ठेवलेली पेटी घसरते. चढ अगदी निवांत असेल तर कितीही जड पेटी जागची हलत नाही, घर्षण तिला धरून ठेवतं. गंमत अशी की पेटी जितकी जड, तितकं घर्षणही जास्त, त्यामुळे वजन वाढवून काही उपयोग होत नाही. पोलादावर पोलाद असेल तर साधारण सात-आठ अंशांच्या आतला चढ सुरक्षित. चक्रीच्या आट्यांचा उतार त्याहून कमी ठेवलेला असतो. नटाने जबड्याला कितीही रेटा दिला तरी तो रेटा चक्रीला फिरवू शकत नाही. मधल्या मध्ये घर्षण, ज्याला आपण एरवी झीज आणि गरमीसाठी शिव्या घालतो, ते इथे फुकट पहारा देतं.

आणि हा रेटा किती असतो? हिशेब करून बघण्यासारखा आहे. नटापासून वीस सेंटिमीटरवर तुम्ही वीस किलोच्या जोराने ओढलंत. पान्याचे दोन जबडे नटाला समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांपाशी धरतात. त्या दोन जागांमधलं अंतर दीड सेंटिमीटर धरलं, तर प्रत्येक ठिकाणी दाब येतो अडीचशे किलोंहून जास्त. चार माणसं त्या एवढ्याशा कडेवर उभी आहेत म्हणा ना. ती कड कधी चेपते आणि नट कधी गोल होतो, याचं मग आश्चर्य वाटत नाही.

म्हणूनच जबडा नटावर गच्च बसवायचा. अर्धा मिलिमीटर फट राहिली तरी पाना नटाच्या सपाट बाजूला न भिडता थेट कोपऱ्याला भिडतो. चक्री फिरवताना पाना किंचित डावी-उजवीकडे हलवत राहायचा, म्हणजे चक्री आणखी पाव फेरा घेते. पुष्कळांना वाटतं चक्री फिरायची थांबली की झालं. खरं आवळणं त्यानंतरच्या त्या हलवण्यात असतं.

दुसरा नियम प्रत्येक उस्ताद पोऱ्याला पहिल्याच आठवड्यात शिकवतो: पाना सरकत्या जबड्याच्या बाजूला ओढायचा. म्हणजे तुमच्या हाताचं बळ स्थिर जबड्याच्या वाट्याला येतं. नियम योग्य आहे, पण वरच्याच हिशेबात घालून पाहिला तर दोन जबड्यांवरच्या भारात फरक पडतो तो फक्त त्या वीस किलोंचा. अडीचशेत वीस! मला विचाराल तर फट न ठेवणं हा नियम मोठा आणि ओढण्याची बाजू हा धाकटा. धाकट्याचाही मान राखावा, कारण त्याला खर्च काहीच नाही.

पान्याचं डोकं दांड्याशी सरळ रेषेत नसून जरा तिरकं का असतं, हेही बघा. आजच्या पान्यात हा कल १५ अंशांचा असतो. षटकोनी नटाची एक बाजू सोडून पुढची धरायची तर पाना ६० अंश फिरवावा लागतो. भिंतीच्या कोपऱ्यात, इंजिनाच्या पोटात एवढी जागा कुठून आणणार? अशा वेळी पाना काढायचा, पालथा करायचा आणि पुन्हा लावायचा. डोकं १५ अंश तिरकं असल्यामुळे पालथा केल्यावर दांडा ३० अंश बाजूला सरकलेला असतो. म्हणजे ६०ऐवजी ३० अंशांच्या हालचालीत काम भागतं. जुन्या अमेरिकन पान्यांत हाच कल साडेबावीस अंशांचा आढळतो. साडेबावीसच का? पालथा केल्यावर फरक पडतो ४५ अंशांचा, आणि ४५ म्हणजे चौकोनी नटाच्या ९० अंशांचा निम्मा. चौकोनी नट तेव्हा सर्रास असत. कोनमापक घेऊन बसलात तर जुन्या पान्याच्या मानेवरून त्याचा जमाना कोणत्या नटांचा होता, याचा अंदाज बांधता येतो.

जाता जाता एक गोष्ट. जॅक जॉन्सन हा हेवीवेट मुष्टियुद्धाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता. वर्णद्वेषी खटल्यात त्याला लेव्हनवर्थच्या तुरुंगात जावं लागलं. त्याने केलेल्या पान्यातल्या सुधारणेला १९२२मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं. स्क्रू पान्याचा शोधच त्याने लावला, असं अनेकदा सांगितलं जातं. ते खरं नाही. पण पेटंट मात्र खरं आहे, आणि तेवढंही पुरेसं थोर आहे.

बाजारातून आणलेला पाना बहुधा गंजून जाम झालेला असतो. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला तर बऱ्याचदा चक्री हलते. नाही हलली तर घाईने हातोडा मारू नका, आणखी एक रात्र द्या. गंज फारच खोल असेल तर एक उपाय आहे, जो पहिल्यांदा बघणाऱ्याला जादूच वाटतो. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी आणि चमचाभर धुण्याचा सोडा. पाना बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडून पाण्यात सोडायचा, धन टोकाला भंगारातली लोखंडी सळई. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. बारा व्होल्टवर पान्याभोवती बुडबुडे सुटतात, काही तासांत तांबडा गंज काळा आणि भुसभुशीत होतो आणि साध्या ब्रशने निघून येतो. चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. पथ्यं तीन: सळईच्या जागी स्टेनलेस स्टील वापरायचं नाही, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, बादली उघड्या हवेत ठेवायची, कारण ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात, आणि चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही.

ब्रश फिरवता फिरवता दांड्यावर अक्षरं वर येऊ लागतात. आधी एखादा ठोकळा, मग एक आडवी रेघ, मग गावाचं नाव, देशाचं नाव, कधी पेटंटचं साल. आतापर्यंत जे भंगार होतं त्याला पत्ता मिळतो. मग पाना लगेच कोरडा करायचा, उन्हात तापवायचा, चक्रीच्या आट्यांत आणि जबड्याच्या खाचेत तेलाचे दोन थेंब सोडायचे.

घेताना पारख कशी करायची? जबडे मिटून उजेडासमोर धरा. फट मुळापासून टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. टोकाशी रुंदावत गेली असेल तर पान्यावर कुणीतरी पाईप घालून जोर काढलाय आणि जबडा कायमचा फाकलाय. तो परत ठेवा. सरकता जबडा चिमटीत धरून हलवा. थोडी ढिलाई असणारच, पण तो डुलत असेल तर खाच झिजलीय. चक्री या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच एका जागी उडी मारत असेल तर जबड्याचा एखादा दाता गेलाय. दांड्याच्या पाठीवर ठोकल्याच्या खुणा असतील तर त्याचा हातोडा म्हणून वापर झालाय. त्याने फारसं बिघडत नाही, पण भाव पाडायला उपयोगी पडतं.

एवढ्यात जो पास होईल तो घ्या, आणि कृपा करून त्याला ग्राइंडरवर धरू नका. चकचकीत पाना नवाच विकत मिळतो. ग्राइंडरखाली गेलेली अक्षरं मात्र कुठल्याही दुकानात मिळत नाहीत.